डावा कोपरा

आमच्या संघाचा डावा कोपरा आम्ही देऊन टाकला, आणि देऊन टाकल्याचं पत्र माझ्या हातचं होतं. त्या गोष्टीला खूप वर्षं झाली. वय झालं की राग उतरतो असं लोक म्हणतात. माझा उतरलेला नाही.

पन्नास सालाच्या पुढची ही गोष्ट. मी ठाण्याच्या कचेरीत नकलनवीस होतो आणि संध्याकाळी कोपरीच्या मैदानात हुतूतू खेळायचो. मैदान मिठागराच्या बांधाला लागून होतं. संघात निम्मे आम्ही, कचेरीत नाहीतर शाळेत चिकटलेले. निम्मे कोपरीचे मूळचे, घरात भात आणि मीठ या दोन गोष्टींवर पिढ्या काढलेले. मैदानाबाहेर आमचं एकमेकांकडे जाणंयेणं फारसं नव्हतं. मैदानात मात्र हातात हात असायचा, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतोय.

समोरचा गडी दम धरून आपल्या अंगणात शिरला की त्याला घेरायला आपण हात धरून साखळी करतो. साखळीच्या टोकाला उभा असतो तो कोपरा. गड्याचा घोटा पकडायचं काम त्याचं. त्याच्या शेजारी मी. तो वाकला की मी वरून गड्याची कंबर धरायची. पाच वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. पहिल्या वर्षी माझा कारकुनी तळवा सोलून निघालेला, कारण त्याच्या हाताला मिठाच्या भेगा होत्या आणि पकड दगडासारखी. तो बोलायचा नाही. अंगठ्यानं माझा हात दाबला म्हणजे थांब. अंगठा सैल झाला म्हणजे मी पडतोय, तू ये. समोरच्या गड्याला हे कधी कळायचं नाही. आमच्या कप्तानालासुद्धा माहीत नव्हतं.

शेजारच्या एका मोठ्या कारखान्याचा संघ होता. त्यांना जिल्ह्याची ढाल हवी होती, आणि दोन वर्षं आमच्या डाव्या कोपऱ्यानं त्यांचे गडी घोट्यात धरून लोळवलेले. त्यांच्याकडचे एक अधिकारी आमच्या अध्यक्षांना भेटून गेले. अध्यक्ष म्हणजे गावातले जमीनवाले, बांधकामाची कामं घेणारे. मंडळाला बसायला चटया, पाणी, प्रवासखर्च सगळं तेच पुरवायचे, म्हणून मंडळ त्यांचंच आहे असं त्यांना वाटायचं, आणि आम्हालाही.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला घरी बोलावलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे. एक पत्र लिही," ते म्हणाले.

मी लिहीत गेलो. आपल्या मागणीप्रमाणे आमचा डावा कोपरा आपणाकडे देण्यास मंडळाची हरकत नाही. मोबदल्यात आपण योग्य तो बदली खेळाडू द्यावा. सदर खेळाडूस आपल्या कारखान्यात हंगामापुरती नेमणूक द्यावी.

माझा टाक थांबला. "हंगामापुरती म्हणजे?"

"खेळाच्या हंगामापुरती. पुढचं पुढे बघता येईल. तू लिही."

मी लिहिलं.

थोड्या वेळानं डाव्या कोपऱ्याला बोलावणं गेलं. तो मिठागरावरून तसाच आला, पायावर चिखल वाळलेला. ओटीवर न बसता पायरीवर उभा राहिला. त्याला सहीपुरतं लिहिता यायचं, वाचता येत नव्हतं. अध्यक्ष मला म्हणाले, "वाचून दाखव त्याला." मी वाचून दाखवलं.

तो हसला. "हंगाम म्हंजे आठ मैने. पावसात सुटी. मिठागरावानीच झाला की! पन डोक्यावर छप्पर."

तो मिठाचा हंगाम समजला होता. दरवर्षी येणारा, कधी न चुकणारा हंगाम. मला ते त्याच क्षणी कळलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते माझ्याचकडे बघत होते. मी खाली मान घालून दौतीचं झाकण लावलं.

"तू लिवलास ना?" त्यानं मला विचारलं.

"हो."

"मंग बास." त्यानं सही केली. जाताना मला म्हणाला, "बापूस मिठात गेला. मना नाय तसा मरायचा. खेल काय, तिथं पन खेलू."

आठवड्यात बातमी फुटली आणि संघ पेटला. पण पेटला कुणावर, तर त्याच्यावर. अध्यक्षांचं नाव कुणी काढेना. चटया त्यांच्या होत्या ना! कप्तान म्हणाला, "विकला गेला साला." बाकीच्यांनी री ओढली. आणि मी? मीही ओढली. पत्र कुणी लिहिलं हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे जास्तच मोठ्यानं ओढली. कुणीतरी त्याच्या घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, 'विकाऊ'. त्यानं शेजारच्या शाळकरी मुलीला विचारलं, काय लिहिलंय म्हणून. ती वाचून रडायला लागली. हे मला नंतर कळलं. ते अक्षर माझं नव्हतं. पण रोज त्या रस्त्यानं जाताना मी ते पाहत होतो आणि पुसलं मात्र नाही.

मग बदली आला.

तो कारखान्यात फिटर होता, राहायचा खडवलीला. कामावरून सुटला की डबा हातात घेऊन परस्पर ठाण्याला यायचा, खेळून परत जायचा. वयानं आमच्यापेक्षा चारपाच वर्षं मोठा, अंगानं सडसडीत, बोलणं अगदी मोजकं. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी उभा राहिला आणि हात पुढे केला. मी बोटांची टोकं दिली.

"अहो, नीट धरा," तो म्हणाला. "असं धरलंत तर दोघंही तोंडावर पडू."

आम्ही त्याला नावानं कधी हाक मारली नाही. 'ए बदली' म्हणायचो. तो ओ द्यायचा.

खेळाडू म्हणून तो चांगला होता, आणि हे मला आज खोटं सांगायचं नाही. पकडी मोजल्या असत्या तर आधीच्यापेक्षा त्याच्याच जास्त भरल्या असत्या. उगाच झेप घ्यायचा नाही, गडी परत फिरेपर्यंत थांबायचा. पण पडायच्या आधी "आलो!" असं तोंडानं सांगायचा, कारण मी त्याचा हात धडपणे धरतच नव्हतो. त्यामुळे ते गड्यालाही ऐकू जायचं. दोन गडी त्यामुळे सुटले. मग त्यानं काय केलं, तर ओरडणं सोडून दिलं आणि एकट्यानंच पकडायला लागला. आम्ही लागोपाठ सामने जिंकत गेलो.

अध्यक्ष मैदानावर येऊन म्हणायचे, "बघा! काय अडलं का? उगाच गळे काढत होतात."

अडलं नव्हतं ना, त्याचाच राग होता. आम्ही हरलो असतो तर निदान कुणाला तरी कळलं असतं की एक माणूस गेला. जिंकत होतो, त्यामुळे गेलेला माणूस मुळात कधी नव्हताच असं सगळं चाललेलं. आणि तो राग मी काढला कुणावर? फिटरवर.

एकदा सराव रद्द झाला. त्याला निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं. कारखान्यातला एकजण आमच्या आळीत राहायचा, त्याच्याकडे चिठ्ठी देणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. मी मुद्दाम दिली नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आला, डबा बांधावर ठेवला आणि पायाला माती चोळता चोळता म्हणाला, "काल मी आलो होतो."

तेवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मीच मग चिडून विचारलं, "आलातच कशाला आमच्याकडे? तिकडे काय वाईट होतं?"

"मला कुठं कुणी विचारलं?" तो म्हणाला. "मुलगी तापानं आजारी होती, मी तीन सामने चुकवले. चौथ्याला गेलो तर साहेब म्हणाले, उद्यापासून ठाण्याकडून खेळायचं, तुझी अदलाबदल झाली. मी म्हटलं, मी नाही खेळत कुणाकडूनच. तर म्हणाले, मग वर्कशॉपातल्या जागेचाही विचार करावा लागेल."

"मुलगी कशी आहे आता?"

"ती गेली," तो म्हणाला, आणि उठून आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

त्या दिवसापासून मी त्याचा हात नीट धरायला लागलो. मोठं काही केलं असं नाही. ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

जिल्ह्याचा अंतिम सामना कल्याणला झाला. आमच्यासमोर कारखान्याचा संघ, आणि त्यांच्या डाव्या टोकाला आमचा माणूस, निळ्या बनियनमध्ये. चेहरा उतरलेला होता. त्याच्या शेजारी एक धिप्पाड पोरगा होता, तो हात धरायचा पण लक्ष प्रेक्षकांकडे. मी पाहत होतो, आमच्या माणसाचा अंगठा त्या पोराच्या हातावर दाबला जातोय, पुन्हा दाबला जातोय, आणि पोराला त्याचं काही नाही. दोनदा तो एकटाच घोट्यावर पडला आणि दोन्ही वेळा गडी त्याला फरपटत रेषेपर्यंत घेऊन गेला. लोक हसले.

बाजूला खुर्च्या मांडलेल्या होत्या. कारखान्याच्या त्या अधिकाऱ्याच्या शेजारी आमच्या अध्यक्षांचा पुतण्या कोट घालून बसलेला. मी आमच्या कप्तानाला विचारलं, "हा तिकडे काय करतोय?"

"तुला माहीत नाही? ऑफिसात लागलाय ना तो. कायम. झाले की चार महिने."

चार महिने. मी बोटांवर हिशेब केला. पत्र लिहिल्यानंतरचाच आठवडा. आम्हाला वाटत होतं की आम्ही कोपरा देऊन कोपरा घेतला. खरा मोबदला कोट घालून खुर्चीत बसला होता.

सामना शेवटाकडे आला, गुण बरोबरीत. कप्तानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चढाईला तू जा. तुला त्याचा डाव माहीत आहे."

मी चढाई करणारा गडी नव्हेच. पण गेलो. दम धरून डावीकडेच सरकलो. मला अंगठा दिसत होता. तो सैल कधी पडणार हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. सैल पडला, तो झेपावला, आणि मी पाय अर्ध्या क्षणाआधी उचलून त्याच्या पाठीला हात लावून परत फिरलो. तो मातीत पालथा पडून मान वळवून माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता. असं कसं झालं, हेच त्याला कळत नव्हतं. पाच वर्षांत मी त्याच्याकडून जे शिकलो ते मी त्याच्यावरच वापरलं. आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेतलं. मी लाथा झाडून खाली उतरलो.

तिकडे तो अधिकारी उठून मैदानात आला आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडायला लागला. "ह्याच्यासाठी आम्ही आमचा चांगला माणूस दिला! नुसतं सोंग मारलं आमच्या गळ्यात!" बाजारातून आणलेला बैल बसका निघावा तसं त्याला बोलत होता. आमचा माणूस गुडघ्यावरची माती झटकत उभा. आमच्यातला एकही पुढे झाला नाही. मीही नाही.

पुढे झाला तो फिटर. माझ्या शेजारून निघून सरळ त्या साहेबासमोर जाऊन उभा राहिला. नोकरी त्याच माणसाच्या हातात होती.

"साहेब, तुम्ही मला दिलं नाहीत. मी काय तुमच्या घरचं भांडं आहे? आणि ह्यांनाही तुम्ही विकत आणलं नाहीत. ह्यांना विचारा, ह्यांना काय सांगून आणलं ते."

"तू तुझं बघ," साहेब म्हणाला.

"बघतोच," फिटर म्हणाला. त्यानं आमचा बनियन अंगातून काढला, घडी करून आमच्या कप्तानाच्या हातात दिला, सदरा चढवला आणि ढाल द्यायच्या आधीच स्टेशनकडे चालू पडला. त्याचं काम असं होतं की कारखान्याला त्याच्यावाचून चालण्यासारखं नव्हतं, म्हणून नोकरी राहिली. हुतूतू मात्र तो पुन्हा खेळला नाही.

पंधरा दिवसांत आमच्या डाव्या कोपऱ्याला कारखान्यातून काढलं. हंगाम संपला, असं सांगितलं. पावसाला अजून वेळ होता, त्यामुळे हे कसं हेच त्याला कळेना. तो परत आमच्या मैदानावर आला, बांधावर उभा राहिला. आता जागा रिकामीच होती, म्हणून मी अध्यक्षांकडे गेलो. कप्तान आणि आणखी दोघं बरोबर होते.

"त्याला परत घ्या," मी म्हणालो.

"कशाला? नालासोपाऱ्याचा एक पोरगा बघून ठेवलाय मी. तरणा आहे," अध्यक्ष म्हणाले. "अरे, जागा काय, भरता येते. ह्या वर्षी भरली नाही का? ढाल आली ना घरात?"

"ढाल आली. आणि पुतण्याही लागला."

कप्तानानं माझी बाही ओढली. मी ती झटकली.

"तुम्ही त्याला फसवलंत," मी म्हणालो. आवाज इतका चढलेला की बाहेरची गडीमाणसं दारात आली. "माहीत असून फसवलंत. आठ महिने सावली मिळेल म्हणून त्यानं सही केली."

अध्यक्ष अजिबात चिडले नाहीत. पान जुळवता जुळवता म्हणाले, "पत्र वाचून कुणी दाखवलं त्याला? मी?"

मी तिथून निघालो. रस्त्यात कप्तान मला समजावत होता, जाऊ दे, मोठा माणूस आहे, मैदान त्यांच्या जमिनीला लागून आहे. मी त्याला आईवरून शिवी दिली. त्याआधी आणि त्यानंतर मी कुणाला तशी शिवी दिलेली नाही. संघ त्या दिवशी सोडला.

पत्राची एक नक्कल माझ्याकडे होती. कचेरीची सवय, काहीही लिहिलं की नक्कल ठेवायची. ती घेऊन मी त्याच्या घरी गेलो. भिंतीवर नवा चुना फासलेला होता. त्याची बायको दारात भात पाखडत होती, मला बघून आत गेली. तो बाहेर आला.

"परत वाच," कागद बघून तो म्हणाला.

मी वाचलं. हंगामापुरती नेमणूक, इथं आलो तेव्हा त्यानं हात वर केला.

"ह्याचा अर्थ काय?"

मी सांगितला.

"तवा तुला म्हायत व्हता?"

"हो."

"मंग सांगला का नाय?"

अध्यक्ष समोर होते, मी घाबरलो, असं म्हणता आलं असतं, पण मला कुणी मारणार नव्हतं, माझी नोकरीही त्यांच्या हातात नव्हती. मला फक्त त्या ओटीवर वाईट दिसायचं नव्हतं. तेवढ्यासाठी मी एका माणसाचं वर्ष घालवलं.

"त्यानी फसवला, त्याचा काय नाय," तो म्हणाला. "त्यो फसवनाराच. तुजा हात मी पाच वरसां धरला." आणि त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

पुढे तो खाडीत रेती काढणाऱ्या होड्यांवर गेला. त्या कामात त्याचं बरं चाललं. काही वर्षांनी स्वतःची होडीही झाली. दोन वर्षं मी समोरून आलो की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. मग एकदा कोपरीच्या बाजारात, सुक्या बोंबलांच्या टोपलीशी आम्ही अगदी शेजारी शेजारी आलो. पलीकडे जायला वाट नव्हती.

"ह्ये नको घेऊ, वलसर हाय," तो मला म्हणाला. "पल्याडच्या बाईकडं बघ."

मी पल्याडच्या बाईकडे गेलो. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. पाऊस, होडी, त्याच्या मुलीचं लग्न. खेळाचं त्यानं कधी काढलं नाही, आणि माझी तर छातीच झाली नाही.

फिटरला भेटायला मी खडवलीला दोनदा गेलो. त्यानं चहा पाजला, मला नदीपर्यंत फिरवून आणलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याची बदली दुसऱ्या गावी झालेली होती.

मंडळानं पुढच्याच वर्षी पुन्हा ढाल आणली. नालासोपाऱ्याचा पोरगा डाव्या कोपऱ्यात चांगला खेळला म्हणे. मी बघायला गेलो नाही. कचेरीतला एक सहकारी जाऊन आला. दुसऱ्या दिवशी टेबलावर वाकून मला सांगायला लागला, "अरे, काय पकड आहे त्याची! तुमच्या त्या जुन्या माणसाची कुणाला आठवणसुद्धा येत नाही."

मी त्याच्या तोंडावर फाईल मिटली. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मीही त्याची माफी मागितली नाही.